पाय धुवून होडीत बसणारा सत्यवान

सत्यवानदादा कोरड्या वाळूवर होडीत बसून पाय मारत होता. होडी दोन जुन्या टायरांवर ठेवलेली, खाली पाण्याचा थेंब नाही. तो एक पाय पुढे रेटायचा, मग दुसरा, आणि होडीच्या पोटाखाली रबराचे दोन पंख फटाफट इकडून तिकडे व्हायचे. जाळ्यातून काढून वाळूवर टाकलेली चपटी वागळी मासळी कशी हलते, तसे.

देवबागला माडांखाली आम्ही दुपारपासून होतो. तिथे स्वरूप म्हणून एकाने पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या आणि त्यांना फिरवायला तीन लहान होड्या घेतल्या होत्या. खोल्या चालल्या, होड्या चालल्या नाहीत. त्यातली एक दादाला घ्यायची होती. २००७ सालचा ऑक्टोबर. पाऊस गेलेला, समुद्र निवळलेला, आमच्या वायरी गावातल्या सगळ्यांच्या होड्या पाण्यात. आणि आमचा दादा वाळूवर.

"दादा, घेतंस की नाय? सांज होवक इली," मी म्हटलं.

"वायच थांब गो."

वायच वायच करत त्याने दिवस खाल्ला होता. मला एका जागी उभं राहता येत नाही. शाळासुद्धा मी त्याच कारणाने नववीत सोडली, बाकी काही कारण नव्हतं. मी माडाला फेऱ्या मारत होते आणि दादा होडीला.

पहिली होडी त्याने हात न लावता सोडली. ती दोन्हीकडून वल्हवायची, लांब दांड्याला दोन टोकांना पाती. "ह्येका दोन हात व्हये," तो म्हणाला. दुसरी बागेतल्या तळ्यात असते तसली, दोन माणसं शेजारी बसून सायकल मारतात ती. स्वरूप तिची फार तारीफ करत होता. दादा म्हणाला, "हेच्यात बायलेक घेवन फोटो काढूक जावचा. मासो ह्या बघून हसून मरात." तिसरी ही. पिवळी, लांबडी, एका माणसाची. कोणी गोरा ती गोव्याला घेऊन आला होता आणि परत जाताना तिथेच टाकून गेला. हातांनी नाही, पायांनी चालते. सायकलसारखे पाय गोल नाही फिरवायचे. जिना चढल्यासारखे एकाआड एक रेटायचे.

दादाने तिला पालथी घातली. बोटाच्या पेराने सगळ्या अंगाला टकटक करत कान लावला, माझी आई फणस पिकला का बघायची तसा. पाणी काढायच्या भोकाला तोंड लावून फुंकलं आणि मला शिवणीवर साबणाचं पाणी ओतायला लावलं. बुडबुडा आला नाही. पंखांचा सांगाडा उचकटून काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला.

"पंख फाटलो तर?" त्याने विचारलं.

"तसलो मिळाचो नाय हय," स्वरूप म्हणाला. खोटं बोलला नाही, त्याला मानलं.

"मगे मी करीन. टायरीच्या रबराचो."

मग आम्ही ती कर्लीच्या खाडीत लोटली. दादा बसला, पाय मारले, आणि होडी गेली. आवाज नाही, फेस नाही. खाडीच्या मध्यावर जाऊन त्याने वळण घेतलं आणि परत येताना मला त्याचे दात दिसले. वर्षभरात पहिल्यांदा.

आता हे वर्ष कसलं ते सांगते.

दादा माझ्याहून खूप मोठा. बाबा गेले तेव्हा मी रांगत होते, तो होडीवर जायला लागला होता. त्याची स्वतःची एक पात होती, दोन वल्ह्यांची लहान होडी. जाळं कधी टाकलं नाही. तो गरवायचा, म्हणजे गळाला आमिष लावून एकेक मासा काढायचा. समुद्रातल्या किल्ल्याच्या बाहेर पाण्याखाली खडपं आहेत, तिथे जाळं टाकलं की फाटतं, मोठी होडी नेली की आपटते. तिथे तांबोशी असते, गोबरा असतो. त्या खडपांतली बिळं दादाला आमच्या वाडीतल्या दारांसारखी पाठ होती. एकटा जायचा, एकटा यायचा. कोणाचा खलाशी झाला नाही, कोणाला खलाशी ठेवला नाही. मी बाजारात त्याचे मासे विकायचे. मालवणच्या बाजारात गिऱ्हाईक माझ्या पाटीत हात घालायच्या आधी विचारायचं, "सत्यवानाचो मासो मां?" मी म्हणायचे, "तोंड बघून कळना नाय?"

आदल्या वर्षी भाईची मोठी होडी किनाऱ्यावर ओढताना खालचं लाकूड सटकलं आणि सगळा भार दादाच्या उजव्या खांद्यावर आला. भाई म्हणजे आमच्या वाडीतला वडीलधारा. कोणाचीही नवी होडी पाण्यात जायची तर नारळ त्याच्या हातचा. दादाचं हाड जुळलं, पण खांदा जुळला नाही. हात छातीच्या वर जाईना. वल्हं ओढायला बसला की तोंड पांढरं व्हायचं. इंजिन लावायचा सल्ला सगळ्यांनी दिला. त्याची दोरी ओढायलासुद्धा खांदाच लागतो, आणि मशीन घरघरलं की खडपातला मासा बिळाबाहेर येत नाही.

भाईने चांगल्या मनाने सांगितलं, "माझ्या होडयेर ये. खलाशांचा जेवण कर. वाटो देतंय."

दादा म्हणाला, "बघूया."

त्याचं बघूया म्हणजे नाही. मग तो सकाळी उठून किनाऱ्यावर चालायचा. राजकोटपासून वायरीपर्यंत, परत राजकोट. घरी येऊन दाराची कडी काढायचा, पुन्हा बसवायचा. नीट असलेलं खुराडं मोडून नवीन बांधलं. कोंबड्यासुद्धा कंटाळल्या. त्याची बायको, तुळसावयनी, गप्प बघत बसायची. मी गप्प नाही बसायचे. मी ओरडायचे. त्याने काही फरक पडायचा नाही, पण मला बरं वाटायचं.

पिवळी होडी घेण्यासाठी त्याने पात आचऱ्याच्या माणसाला दिली. ती टेम्पोत चढवताना दादा घरामागे माडाला आळं करत होता. माडाला आळं आधीच होतं.

होडी वायरीत आली तेव्हा अख्खी वाडी जमली. पोरांनी ती पिवळी बघून तिला केळं नाव ठेवलं. भाई आला, वाकून आत बघितलं, पाय मारायची दोन पेडलं बघितली आणि सरळ उभा राहिला.

"सत्यवाना, ह्या काय?"

"पायान चलता, भाई."

"जिच्या आपण पायां पडतंव, तिकाच तू लाथो मारतलंस?"

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्यात होडीत चप्पल घालून कोणी चढत नाही. चुकून पाय आपटला तरी हात लावून कपाळाला लावतात. भाई म्हणाला, "माझ्या हातान हेका नारळ फुटाचो नाय." आणि भाईचा नारळ नाही म्हणजे ती होडी कोणाची नाही. उद्या ती उलटली तर लोक शोधायला जातील, पण तोंडातल्या तोंडात पुटपुटत जातील.

दादाने मान खाली घातली. ते मला सोसलं नाही.

"भाई," मी म्हटलं, "दसऱ्याक तुमी स्कूटरीक झेंडूचो हार घालतास मां? हळद-कुंकू लावतास, नारळ फोडतास."

"मगे?"

"मगे ती चालू कशी करतास? पायां पडान?"

मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. भाईने माझ्याकडे बघितलं. "ह्या चेडवाच्या तोंडाक लागण्यापरास सुसरीच्या तोंडात हात घातलेलो बरो," तो म्हणाला. पण गेला नाही. पिवळ्या होडीभोवती एक चक्कर मारली. मग दादाला म्हणाला, "फोडतंय. पण पाय धुवन बसाक व्हया. गोड्या पाण्यान. रोजच्या रोज."

"धुतंय," दादा म्हणाला.

आणि तो धुवायचा. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. विहिरीच्या पाण्याची कळशी किनाऱ्यापर्यंत न्यायची, होडी पाण्यात लोटायची, होडीच्या काठावर उलटं बसून दोन्ही पाय बाहेर काढायचे, धुवायचे, मग आत घ्यायचे. वाळू लागलेले पाय पुन्हा धुवायचे. मला वाट बघवायची नाही. मी म्हणायचे, "लग्नाक चललंस काय?" तो म्हणायचा, "वायच थांब."

होडी सजवायला त्याने दिवाळीपर्यंत वेळ घेतला. गोऱ्याने तिला मासेमारीसाठी काय काय लावलं होतं, ते अर्धं तुटलेलं आणि अर्धं आम्हाला न कळणारं. दादाने सगळं काढून टाकलं. पाण्याच्या पाईपचे तुकडे कापून दोन्ही बाजूंना बांधले, त्यात गळाच्या दोऱ्या गुंडाळलेल्या फळ्या उभ्या राहतील असे. मागच्या खळग्यात थर्माकोलची पेटी, बर्फासाठी. तिच्यावर जाळ्याचा तुकडा, मासा उडी मारून जाऊ नये म्हणून. नांगर जड नको, म्हणून एक लांबट दगड निवडला, त्याला मध्ये खाच पाडली. दगडाची दोरी त्याने होडीच्या नाकाकडल्या कडीतून ओवून परत बसायच्या जागेपर्यंत आणली, म्हणजे वाकायला नको, उजवा हात लांबवायला नको, डाव्यानेच सोडायचा आणि ओढायचा. सुकाणूची मूठ डावीकडे होती. पण डावा हात सुकाणूला दिला तर गळ कोण ओढणार? त्याने मुठीला सायकलच्या ट्यूबचा पट्टा अडकवला. सुकाणू जिथे ठेवलं तिथे धरून राहायचं. उभी काठी लावली, तिला वयनीच्या जुन्या लाल साडीचा पदर, ट्रॉलरवाल्यांना लांबून दिसावं म्हणून.

वयनीने पदर दिला. मग म्हणाली, "आता उलांडी बांध."

उलांडी म्हणजे आमच्या होडीला एका बाजूला दोन वाश्यांवर बांधलेलं लांब लाकूड असतं, पाण्यावर टेकलेलं. होडी त्या आधाराने उभी राहते, आडवी होत नाही.

"हेका उलांडी लागना नाय गो," दादा म्हणाला. "ही रुंद आसा. स्वरूप हेच्यात उभो ऱ्हवान दाखवी."

"स्वरूपाक उभो ऱ्हवांदे. तू उलांडी बांध."

"अगो पण..."

"नायतर मी आडवी पडतंय होडयेफुडे."

वयनी कधी असं बोलायची नाही. दादाने वाद घातला नाही. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, बांबू आणले, मी दोरी धरली, त्याने डाव्या हाताने आणि दातांनी गाठी मारल्या. डाव्या बाजूला, जशी सगळ्यांची असते तशी. वाडीतल्या एकालाही त्यात काही चूक वाटली नाही. उलट भाई म्हणाला, "आता ही होडी दिसता. आधी साबणाची वडी दिसय."

चूक पाण्यात गेल्यावर कळली. उलांडी एका बाजूने पाणी धरते. वल्ह्याच्या होडीत माणूस त्या बाजूचं वल्हं जरा जोरात मारतो, कोणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप करतो. पायाच्या होडीत पंख मधोमध. डावा पाय मारा नाहीतर उजवा, जोर एकच. दादा पाय मारायचा आणि होडी डावीकडे वळायची. सुकाणू पार उजवीकडे दाबलं तर सरळ जायची, पण खाडीत धावणारी होडी आता चिखलातून ओढल्यासारखी. सुकाणू जरा सुटलं की गोल.

सगळा किनारा बघत होता.

"सत्यवान प्रदक्षिणा घालता रे."

"देव खंय पण?"

"देव बुडालो. तेकाच सोदता."

मी ज्यांना दगड मारता येतील त्यांना मारले.

डिसेंबर गेला. दादा रोज पाय धुवून निघायचा आणि किल्ल्याच्या अलीकडल्या पहिल्या खडपापर्यंत जाऊन यायचा. बाहेरच्या खडपांपर्यंत जाईपर्यंत दिवस वर यायचा, मासा बिळात जाऊन बसायचा, आणि येताना वारा अंगावर. गुडघा सुजला. पाटीत काय, तर दोन शेतकं आणि एक पालू, असले किरकोळ मासे. बाजारात मी दुसऱ्यांचे मासे घेऊन बसायला लागले. "सत्यवानाचो मासो मां?" कोणी विचारलं की मी म्हणायचे, "घेवचो तर घे, चौकशी कित्याक?"

एक दिवस दादा येऊन अंगणात बसला आणि म्हणाला, "भाईक सांगतंय. जेवण करूक येतंय म्हणान."

मी स्वयंपाकघरात गेले. वयनी चुलीपुढे होती.

"आयकलंस?" मी म्हटलं. "तुझ्या उलांडयेन तेका रांदपी केल्यान."

"करूंदे. जितो तरी ऱ्हवात."

"ह्या जितो ऱ्हवणा? कडी काढता आणि कडी घालता! तुका होडयेतला काय कळता? ती उलांडी काढ म्हणान सांग तेका. तू सांगल्याशिवाय तो काढूचो नाय."

"तुका कळता काय? तुझो कोण जाता दर्यात?"

"माझो भाऊस जाता!"

"भाऊस आणि घोव येगळे, उर्वशे. भाऊस गेलो तर रडशीत. माका परत हीच चूल फुकूची आसा."

मी तिला बरंच बोलले. आळशी म्हटलं, भित्री म्हटलं, शेतकऱ्याघरची चेडवां दर्याक भितत म्हटलं, कारण तिचं माहेर कुडाळकडे, भातशेतीवाल्यांचं. तिची नजर तव्यावरच होती. भाकरी मात्र जळली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी किनाऱ्यावर गेले तर वयनी होडीपाशी. हातात कोयता. दादा पाय धुवून काठावर बसलेला, पाय बाहेर, आणि तोंड उघडं. वयनीने पहिल्या वाशाची दोरी तोडली. मग दुसऱ्याची. उलांडी लाटेने जरा उचलली आणि बाजूला सरकली. वयनीने ती लाथेने वाळूवर लोटली, मग वाकून तिला हात लावून कपाळाला लावला.

मग होडीबरोबर आलेलं नारिंगी जॅकेट तिने दादाच्या मांडीवर टाकलं. पर्यटकांना घालतात ते. कुबट वास मारत होतं.

"ह्या आंगात घाल."

"लोक हसतले गो."

"हसांदे. घालतंस की नाय?"

त्याने घातलं. उजवा हात तिने धरून बाहीच्या भोकातून घातला, पोराला घालतात तसा. पट्टे आवळले. आणि घराकडे निघाली. मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं, राग गेला नाही अजून.

दादाने पाय पुन्हा धुतले, कारण वाळू उडाली होती. मग आत घेतले आणि मारले. लाल पदर सरळ गेला. एकदासुद्धा वळला नाही. किल्ल्याच्या तटाशी छोटा झाला, मग तटाच्या मागे गेला.

त्या दिवशी मी बाजारात गेलेच नाही. किनाऱ्यावर वर-खाली करत राहिले. एक ट्रॉलर बाहेरून गेला, त्याची लाट किनाऱ्यावर उशिरा येऊन फुटली, आणि माझ्या मनात आलं की हीच लाट आधी दादाकडे गेली असणार. भाई जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "बस गो एका जाग्यार. तुका बघून माका घेरी येता." मी म्हटलं, "मगे बघू नका." थोड्या वेळाने बघितलं तर त्याचंही जाळं तसंच पडलेलं, आणि तो डोळ्यांवर हात धरून तटाकडे बघत होता.

उन्हं कलायच्या आत लाल पदर दिसला. पेटीत तांबोशी मावत नव्हती, एकीची शेपटी जाळ्याबाहेर. दादा उतरला आणि मला म्हणाला, "बाजार बसलो आसतलो. पळ." एवढंच. मी पळाले. पाटी डोक्यावर आणि पाणी कानात गळतंय, तशी पळाले. त्या दिवशी कोणी विचारायच्या आधी मीच ओरडून सांगितलं कोणाचे मासे ते.

त्यानंतर दादा रोज गेला. वारं असो नसो, पाऊस सोडून रोज. जॅकेट घालून निघायचा. तटाच्या मागे गेला की काढायचा आणि बुडाखाली घेऊन बसायचा, कारण घातल्यावर गळ ओढताना खांदा अडकतो आणि ती प्लास्टिकची बैठक टोचते. परत येताना तटाअलीकडे पुन्हा घालायचा. मला त्याने हसत सांगितलं होतं. मीही हसले. वयनीला दोघांनीही सांगितलं नाही.

२०१० च्या मे महिन्यात आम्ही दोघी मागच्या दारी सुकट निवडत बसलो होतो. वाडीतलं कोणाचं तरी पोर खाडीत बुडता बुडता वाचलं होतं, त्याची गोष्ट निघाली. वयनी सुकटातले खडे काढता काढता म्हणाली, "तुझो दादासय असोच गेललो."

"कधी?"

खांदा मोडल्यानंतरच्या मे महिन्यात, पिवळी होडी यायच्या आधी. कोळंबच्या खाडीत ती दोघं आंघोळीला उतरली होती. दादाने पाण्यात हात लांबवला आणि खांदा निखळला. डोळ्यांपुढे काळोख आला आणि तो दगडासारखा खाली गेला. वयनीला पोहता येत नाही. ती गळ्याइतक्या पाण्यात गेली, केस हाताला लागले, ते धरून तिने त्याला काठावर ओढला. नंतर त्याने आणखी दोनदा पोहून बघितलं, तिला काठावर उभी करून. दोन्ही वेळा खांदा निखळला. मग त्याने तिच्याकडून शपथ घेतली की हे वाडीत कोणाला कळता कामा नये, उर्वशीला तर नाहीच. उलांडी मागताना आणि तोडताना तिला हे ठाऊक होतं; जॅकेट तटामागे बुडाखाली जातं, हे मला ठाऊक होतं.